डोळ्याआडचं लेकरू आणि बारा तासांचं अंतर



जून महिना आला की आपल्याकडे पत्र्याच्या पेट्या बाहेर निघतात. कुणाची लेक आश्रमशाळेत निघते, कुणाचा मुलगा नवोदयला, कुणी तालुक्याच्या वसतिगृहात. पेटीत कपडे, साबण, तेलाची बाटली, शेंगदाण्याची चटणी. निरोप देताना प्रत्येक आईचं वाक्य ठरलेलं, "नीट राहा, अभ्यास कर." एसटी वळणावरून दिसेनाशी झाली की आई घरी येते आणि दोन दिवस तिला घास गोड लागत नाही.

आज आपण अशाच आयांविषयी बोलणार आहोत. फक्त त्या राहतात चीनमध्ये, आणि त्यांची लेकरं चौदाव्या-पंधराव्या वर्षी थेट अमेरिकेतल्या निवासी शाळेत जातात. "त्यांचं आम्हाला काय?" असं तुमच्यातली एखादी म्हणेल. पैशाच्या मानानं ती माणसं आपल्यापेक्षा फार वर आहेत, हे खरं. पण मूल डोळ्याआड असताना त्याला आधार कसा द्यायचा, हा प्रश्न त्यांचा नि आपला एकच आहे. त्यांच्याकडे अंतर इतकं मोठं आहे की चुका लवकर दिसतात आणि उपायही लवकर समजतात. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

आधी थोडं मागचं सांगतो. चीनमधून अमेरिकेत मुलं पाठवण्याची रीत नवी नाही. १८७२ साली तिथल्या बादशाही सरकारनं पहिल्यांदा ३० मुलगे शिकायला पाठवले. ही खटपट युंग विंग नावाच्या गृहस्थांची. १८५४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाची पदवी मिळवणारे ते पहिले चिनी. चार वर्षांत चार तुकड्या गेल्या, एकूण १२० मुलं. त्यांना कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांतल्या अमेरिकन कुटुंबांत ठेवलं होतं. जाण्यापूर्वी घरच्यांकडून कागदावर सही घेतली होती. मूल पंधरा वर्षं परदेशात राहील आणि तिथे त्याचं काही बरंवाईट झालं तर सरकार जबाबदार नाही, असा मजकूर होता. तो कागद समोर आला तेव्हा त्या घरांत काय झालं असेल, ते आपल्याला सांगायला नको. पुढे १८८१ मध्ये सरकारनं सगळ्यांना माघारी बोलावलं. मुलं फारच अमेरिकन वळणाची झाली, हे त्यामागचं एक कारण. त्यांच्यातलाच झान टियानयू हा मुलगा पुढे मोठा इंजिनिअर झाला. बीजिंग ते झांगजियाकौ हा रेल्वेमार्ग त्याच्याच देखरेखीखाली १९०९ मध्ये पुरा झाला.

आता मुलांना सरकार पाठवत नाही, आईबापच पाठवतात. का पाठवतात? चीनमध्ये बारावीनंतर गाओकाओ नावाची परीक्षा असते, जूनच्या ७ आणि ८ तारखेपासून. कोणतं कॉलेज मिळणार ते मुख्यतः या एका परीक्षेवर ठरतं. तिची तयारी वर्षानुवर्षं चालते. नववीनंतरही एक मोठी परीक्षा असते, आणि तिच्यात मागे पडलेल्या मुलांना नेहमीच्या हायस्कूलऐवजी व्यवसाय-शिक्षणाच्या शाळेत जावं लागतं. ज्या घरात पैसा आहे ते घर या चरकातून मुलाला बाहेर काढायला बघतं. त्यात १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत तिथे बहुतेकांना एकच मूल होऊ देण्याचा सरकारी नियम होता. त्यामुळे जाणारं मूल पुष्कळदा एकुलतं एक. दोन आज्या, दोन आजोबा, आई आणि बाप, अशा सहा माणसांचा जीव एका लेकरात अडकलेला.

आणि निवासी शाळाच का? त्याला अमेरिकेचा कायदा कारण आहे. परदेशी विद्यार्थ्याला विद्यार्थी-व्हिसावर तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं, तेही सगळा खर्च भरून. खाजगी शाळेला ही मुदत लागू नाही. म्हणून चार वर्षं शिकायचं तर खाजगी शाळा, आणि घर तिथे नाही म्हणून निवासी शाळा. चांगल्या नावाच्या कितीतरी निवासी शाळांची वर्षाची फी ६०,००० डॉलरच्या वर आहे. आपल्या हिशेबानं पन्नास लाख रुपयांच्या पुढे. चिनी माणसाला वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतचं परकी चलन सहज विकत घेता येतं, त्यापुढे शाळेचे कागद दाखवावे लागतात. पाठवणारी सगळीच घरं गडगंज नसतात. कुणी घर विकून पैसे उभे करतं. आणि एक लक्षात घ्या, मुलाबरोबर राहण्यासाठी आईबापाला वेगळा व्हिसा नाही. पर्यटक म्हणून भेटायला जायचं आणि परत यायचं. मूल तिथे एकटंच.

आता मुख्य गोष्ट. चिनी भाषेत चार शब्दांची नव्हे, पाच शब्दांची एक म्हण आहे, "बाओ शी बू बाओ यौ." अर्थ असा, की आनंदाची बातमी कळवायची, काळजीची कळवायची नाही. दूर गेलेलं लेकरू घरी असंच बोलतं. "जेवलास का?" "जेवलो." "अभ्यास?" "चाललाय." "काही अडचण?" "नाही." तिकडे त्या पोरानं दोन दिवस धड खाल्लेलं नसतं, वर्गात तोंड उघडलेलं नसतं, रात्री उशीत तोंड खुपसून रडलेलं असतं. पण आईनं घर विकलंय हे त्याला ठाऊक असतं. मग तो कोणत्या तोंडानं सांगेल की मला इथे करमत नाही?

तिकडे आईबापही तेच करतात. आजी आजारी पडली तर मुलाला कळू देत नाहीत. धंद्यात खोट आली तर लपवतात. दोन्हीकडची माणसं एकमेकांवर जीव टाकतात आणि दोन्हीकडून खरं बोलणं बंद होतं. चिनी भाषेत कष्ट सोसण्याला "कडू खाणं" असं म्हणतात. कडू खायला शिकलेलं मूल गुणी, असं तिथे मानतात. पण मुकाट्यानं कडू खाणाऱ्या मुलाचं दुखणं वेळेवर कळत नाही. म्हणून आईबापांचं सगळ्यात मोठं काम हे, की वाईट बातमी सांगायची वाट मुलासाठी उघडी ठेवायची. बाकी ज्या गोष्टी आम्ही पुढे सांगणार आहोत, त्या सगळ्या याच कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट बोलण्याची. फोन लागला की पहिला प्रश्न गुणांचा नको. पहिला प्रश्न गुणांचा असला की मुलाला कळतं, फोन कशासाठी आहे ते. "सगळं ठीक ना?" हाही प्रश्न कामाचा नाही, कारण त्याचं उत्तर "ठीक" एवढंच येतं. त्यापेक्षा असं विचारावं, "आज जेवताना शेजारी कोण बसलं होतं?" "या आठवड्यात सगळ्यात कंटाळवाणं काय झालं?" "खोलीतली मुलगी रात्री किती वाजता दिवा मालवते?" अशा प्रश्नांना हो-नाही उत्तर नसतं. जेवताना शेजारी कोण, याला सलग तीन आठवडे "कुणी नाही" असं उत्तर आलं, तर आईला जे कळायला हवं ते कळलं.

आणि मुलानं काही वाईट सांगितलं तर लगेच उपदेश नको, रडणं नको, "एवढा पैसा घातला आम्ही" हे तर नकोच नको. "बरं झालं सांगितलंस" हे पहिलं वाक्य. मग, "तुला आत्ता नुसतं बोलायचंय, की आम्ही काही करावं असं वाटतं?" हा दुसरा प्रश्न. पहिली वाईट बातमी आईनं कशी ऐकली, यावर दुसरी बातमी घरी येणार की नाही ते ठरतं. घरातली अडचणही मुलाला थोडी सांगावी, त्याच्या वयाला झेपेल इतकी. आपल्या घरात खरं बोलतात, हे त्याला त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. न्यूयॉर्क, बॉस्टन हा अमेरिकेचा पूर्वेकडचा भाग, आणि जुन्या नावाजलेल्या निवासी शाळा बऱ्याचशा तिकडेच आहेत. चीनचं घड्याळ तिथल्यापेक्षा उन्हाळ्यात १२ तास आणि हिवाळ्यात १३ तास पुढे असतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळाचे काटे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. चीनमध्ये काटे हलत नाहीत. हे लक्षात न ठेवणारी आई नोव्हेंबरात नेहमीच्या वेळी फोन करते आणि मूल उचलत नाही, की तिचा जीव खालीवर होतो. रोज चार वेळा फोन करण्यापेक्षा एक वेळ ठरवावी. मुलाची रविवार सकाळ म्हणजे आईची रविवार रात्र. दोघांनाही सवड असते. मधल्या दिवसांत चीनमधल्या वीचॅट या मोबाइल ॲपवर एखादा फोटो, आवाजातला एखादा निरोप पाठवावा. त्याचं उत्तर आलंच पाहिजे असा हट्ट नसावा. तिथे रात्री आठ ते दहा अभ्यासाची सक्तीची वेळ असते, काही शाळांत तेव्हा फोन बाजूला ठेवावा लागतो.

तिसरी गोष्ट तिथल्या मोठ्या माणसांची. या शाळांत प्रत्येक मुलामागे एक सल्लागार शिक्षक असतो. त्याच्या हाताखाली थोडीच मुलं असतात आणि त्या मुलांची सगळी खबर त्याला असावी अशी अपेक्षा असते. वसतिगृहाच्या इमारतीत शिक्षकाचं कुटुंब राहतं. त्यांना वसतिगृहाचे पालकच म्हणतात. शिवाय दवाखान्यात नर्स असते आणि मनाचं ऐकून घेणारा समुपदेशक असतो. ही चार माणसं आईच्या जागी तिथे आहेत. चिनी आईबापांना शिक्षकाला आपण होऊन लिहिणं अवघड वाटतं. शिक्षकाचा मान मोठा, त्याला त्रास कसा द्यायचा, असं त्यांना वाटतं. अमेरिकन शिक्षकाला मात्र उलटं वाटतं. पालकांचं पत्र आलं नाही तर तो समजतो, सगळं बरं चाललंय.

म्हणून पहिल्या महिन्यातच सल्लागाराला एक पत्र जावं. इंग्रजी येत नसलं तरी चालतं. आपल्या भाषेत छोटी, सरळ वाक्यं लिहायची आणि मोबाइलवर भाषांतर करून घ्यायची. वाक्य जितकं सरळ, तितकं भाषांतर बरोबर. पत्रात काय लिहावं? "आमची मुलगी अडचण आली की गप्प होते. ती हसली म्हणजे तिला पटलंच असं नाही. पोटात दुखतं म्हणाली तर बहुधा घरची आठवण आलेली असते." हे आईशिवाय कोण सांगणार? तिच्या नावाचा उच्चारही आवाजात नोंदवून पाठवावा. चिनी मुलं पुष्कळदा एखादं सोपं इंग्रजी नाव घेतात. ते तिला आवडत असेल तर घ्यावं, पण खरं नाव कुणी तरी नीट उच्चारावं, हेही तिला हवं असतं.

इथे एक धोका सांगून ठेवतो. प्रवेशाचं काम बऱ्याच घरांत दलालामार्फत होतं. दलाल सगळे फॉर्म भरतो आणि कधी कधी पालकांच्या ईमेलच्या जागी स्वतःचाच ईमेल घालतो. मग शाळेचं प्रत्येक पत्र त्याच्याकडे जातं. मुलगा वर्गाला येत नाही, अशी चिठ्ठी निघते आणि आईला पत्ताच नसतो. म्हणून शाळेच्या नोंदीत आईचा स्वतःचा ईमेल आणि फोन आहे की नाही, ते शाळेलाच विचारून खात्री करायची.

चौथी गोष्ट वर्गातल्या बोलण्याची आणि खेळाची. न्यू हॅम्पशायर राज्यात फिलिप्स एक्सेटर अकॅडमी ही १७८१ मधली शाळा आहे. तिथे सुमारे बारा मुलं आणि एक शिक्षक एका लंबगोल टेबलाभोवती बसून चर्चा करत शिकतात. एडवर्ड हार्कनेस नावाच्या दानशूर माणसाच्या देणगीतून १९३० च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली, म्हणून तिला हार्कनेस पद्धत म्हणतात. आता अशी टेबलं इतर अनेक शाळांतही आहेत. चीनमध्ये चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात गप्प बसून ऐकणारं मूल हुशार आणि विनयशील. त्या टेबलाशी तेच मूल गप्प बसलं तर शिक्षकाला वाटतं, हे वाचून आलेलं नाही. गुणही कमी होतात, कारण बोलण्याला गुण असतात. घरी बसलेला बाप म्हणतो, "गणितात पहिला येणारा पोरगा इतिहासात मागे कसा?" पोरगा मागे पडलेला नसतो. त्याला परक्या भाषेत, सगळ्यांच्या देखत, शिक्षकाशी मतभेद दाखवायला सांगितलेलं असतं. चौदा वर्षं त्याला याच्या उलट शिकवलेलं असतं. तेव्हा पहिल्या सहामाहीत गुण घसरले तर ओरडू नये. "या आठवड्यात वर्गात एकदा बोल, मग मला सांग काय बोललास," एवढंच मागावं.

दुपारचा खेळही असाच. कितीतरी शाळांत तो सक्तीचा असतो. आईबापांना तो वेळेचा नाश वाटतो. पण भाषा अडखळत असली तरी चेंडू टाकता येतो. पुष्कळ मुलांची पहिली ओळख मैदानावरच होते. आणि "तिकडे आपल्या मुलांत बसू नकोस, चिनी बोलू नकोस," असंही सांगू नये. दिवसभर परकी भाषा बोलून जीभ थकते. रात्री आपल्या भाषेत दहा मिनिटं बोललं की माणूस ताजं होतं. नवी ओळख करायची, पण त्यासाठी जुनी तोडायची गरज नाही.

पाचवी गोष्ट तब्येतीची. चीनमध्ये काहीही दुखलं की आई सांगते, "गरम पाणी पी." अमेरिकेत भोजनगृहात बर्फाचं पाणी, थंड दूध आणि कच्च्या भाज्या. पोटाला सवय नसते. खोलीत भात शिजवायचं भांडं किंवा पाणी तापवायची किटली बहुतेक ठिकाणी चालत नाही, आगीची भीती म्हणून. नियम वाचल्याशिवाय सामान भरू नये. घरची जडीबुटी, काढ्याच्या पुड्या, तापाच्या गोळ्या गुपचूप पेटीत घालू नयेत. बऱ्याच शाळांत सगळी औषधं नर्सकडे जमा करावी लागतात. औषधाचं नाव, त्यात काय आहे आणि किती घ्यायचं, हे इंग्रजीत लिहून द्यावं. लशींची नोंद, आरोग्य विमा आणि उपचाराला संमती देणारा सहीचा कागद, हे तिन्ही जाण्याआधी तयार हवेत. मूल अठरा वर्षांच्या आतलं असतं. ऐन वेळी डॉक्टरांना आईबापाची संमती लागते, आणि तेव्हा चीनमध्ये मध्यरात्र असते. म्हणून रात्री कोणता फोन वाजेल, तेही शाळेला कळवून ठेवावं.

मनाच्या दुखण्याविषयी चिनी घरांत बोलत नाहीत. चारचौघांत मान जाईल अशी भीती असते. ही भीती आपल्यालाही नवी नाही. मूल समुपदेशकाकडे गेलं म्हणजे ते वेडं झालं, असं नाही. समुपदेशक मुलाचं बोलणं सहसा दुसऱ्यांना सांगत नाही, जिवाला धोका असेल तेवढ्यापुरतं मात्र तो सांगतो. आईनं जाण्याआधीच म्हणून ठेवावं, "त्यांच्याकडे गेलास तर मला वाईट वाटणार नाही." सारखी झोप येणं किंवा अजिबात न येणं, जेवण सुटणं, ठरलेला फोन टाळणं, आवडता खेळ सोडणं, ही लक्षणं दिसली तर थांबू नये. त्याच दिवशी सल्लागाराला कळवावं. मुलाच्या फोनमध्ये दोन आकडे असावेत. पोलीस, आग किंवा रुग्णवाहिकेसाठी ९११. आणि जीव नकोसा झाला तर बोलायला ९८८. हा आकडा अमेरिकेत २०२२ च्या जुलैपासून देशभर चालू आहे.

सहावी गोष्ट नियमांची. पुस्तकातला उतारा पाठ करून तसाच लिहिणं, हे आपल्याकडे आणि चीनमध्येही अभ्यासाचं लक्षण समजतात. अमेरिकन शाळेत दुसऱ्याचं वाक्य त्याचं नाव न सांगता लिहिलं तर ती चोरी. घरच्या शिकवणीवाल्यानं निबंध दुरुस्त करता करता नवाच लिहून दिला, तर तीही चोरी, आणि शिक्षा मुलाला. दारू, नशेच्या वस्तू, रात्री न सांगता बाहेर जाणं यांवरही कडक कारवाई होते. शाळेनं नाव काढून टाकलं तर व्हिसाचा आधारच जातो. लगेच दुसरी शाळा मिळाली नाही तर देश सोडावा लागतो. म्हणून आईनं एक वाक्य स्वच्छ सांगावं, "कमी गुण मला चालतील, नक्कल चालणार नाही." हे वाक्य फक्त म्हणून भागत नाही. कमी गुण आले त्या दिवशी ते पाळावंही लागतं. शाळेनं दिलेला "आय-ट्वेंटी" नावाचा कागद पासपोर्टइतकाच जपायचा. सुट्टीला घरी येऊन परत जाताना त्यावर शाळेची वर्षभराच्या आतली सही लागते.

सातवी गोष्ट सुट्ट्यांची. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. सगळी मुलं घरी जातात आणि बहुतेक वसतिगृहं बंद होतात. डिसेंबरात आणि मार्चमध्ये पुन्हा तसंच. परदेशी मुलानं कुठे जायचं? हे ऑगस्टमध्येच ठरवायचं, नोव्हेंबरात नव्हे. दुसऱ्याच्या घरी राहणार असेल तर त्या घरात कोण कोण आहे, झोपायची सोय कशी, शाळेला ते घर माहीत आहे का, हे विचारायला लाजू नये. विचारणं हा आईचा हक्क आहे.

चिनी सणांना मात्र तिथे सुट्टी असेलच असं नाही. नवं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं, भर शाळेत. शरदातल्या पौर्णिमेला त्यांचा चंद्राचा सण असतो, आपल्या कोजागिरीच्या जातीचा. त्या दिवशी घरोघर गोल, सारण भरलेले केक खातात. ते पोस्टानं पाठवताना मांसाचं सारण असलं तर अमेरिकेत सीमेवर अडवून नष्ट करतात. साध्या सारणाचे पाठवावे, नियम बघून. आणि चार जास्त पाठवावे. वाटायला काही असलं की मूल दुसऱ्याच्या खोलीचं दार वाजवतं.

आठवी गोष्ट, आणि ही नीट ऐका. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या युटा राज्यात शिकणारा १७ वर्षांचा एक चिनी मुलगा गायब झाला. तो निवासी शाळेत नव्हता, एका कुटुंबाकडे राहत होता. चीनमधल्या त्याच्या आईबापांना फोटो आला, जणू पोराला कुणी बांधून ठेवलंय. भीतीनं त्यांनी सुमारे ८०,००० डॉलर भरले. पोलिसांनी शोधलं तेव्हा तो डोंगरात, बर्फात, एका तंबूत एकटाच सापडला. थंडीनं गारठलेला, पण सुखरूप. त्याला कुणी पळवलंच नव्हतं. भामट्यांनी फोनवरून त्याला धमकावलं होतं, सांगतो तसं केलं नाहीस तर तुझ्या घरच्यांचं काही खरं नाही. आईबापांना वाचवायला पोरगा तंबूत बसला, आणि पोराला वाचवायला आईबापांनी पैसे भरले. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, कारण विचारू नका असंच भामट्यांनी बजावलं होतं.

आपल्याकडे "डिजिटल अरेस्ट"चे फोन येतात, त्याच जातीची ही फसवणूक. उपाय साधा आहे. घरातल्यांनी मिळून एक गुप्त शब्द ठरवायचा, जो बाहेर कुणालाही माहीत नाही. संकटाचा फोन आला की तो शब्द विचारायचा. "कुणाला सांगू नकोस" असं जो म्हणेल तो भामटा, हे मुलाला पक्कं सांगायचं. पैसे पाठवण्याआधी शाळेला फोन. त्या युटाच्या मुलाचा पत्ता लागला तो आईबापांनी शेवटी शाळेला कळवलं आणि शाळेनं पोलिसांना, म्हणूनच.

शेवटची गोष्ट घरी परतण्याची. जूनमध्ये मूल सुट्टीला येतं. उंच झालेलं असतं. खोलीचं दार लावून घेतं. वडिलांच्या बोलण्यावर "मला तसं वाटत नाही" म्हणतं. आईला वाटतं, पोर हातचं गेलं. ज्या टेबलाशी बोलायला शिक म्हणून पाठवलं, तिथलंच बोलणं ते घरी घेऊन आलेलं असतं. १८८१ मध्ये सरकारनं मुलं बदलली म्हणून परत बोलावली. आईनं ती चूक करू नये. पहिला आठवडा त्याला झोपू द्यावं, आजीच्या हातचं खाऊ द्यावं. आल्या आल्या दोन महिन्यांच्या शिकवण्या लावू नयेत. आणि एकदा तरी शांतपणे विचारावं, "परत जायचंय ना तुला?" उत्तर "नाही" आलं तर तेही ऐकावं. पैसा पुन्हा मिळवता येतो.

मैत्रिणींनो, आपल्या मुलांना अमेरिकेला नाही, पन्नास मैलांवर तालुक्याला जायचंय. ऊसतोडीला जाणाऱ्या आया लेकरांना हंगामी वसतिगृहात ठेवून सहा-सहा महिने कारखान्यावर असतात. अंतर वेगळं, "सगळं ठीक आहे" हे उत्तर तेच. म्हणून पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढं करून बघा. ज्यांची मुलं वसतिगृहात आहेत त्यांनी सांगावं, अधीक्षकांचं नाव आणि फोन आपल्याकडे आहे का? शाळेच्या नोंदीत आपला चालू नंबर आहे का? गुप्त शब्द ठरलाय का? आणि मुलानं शेवटची वाईट बातमी आपल्याला कधी सांगितली? आठवत नसेल, तर सगळं बरं आहे असं लगेच समजू नका. या रविवारी फोन लावा आणि विचारा, "आज जेवताना शेजारी कोण बसलं होतं?"

काय उत्तर आलं ते आम्हालाही कळवा. रामराम.